सरडा नग एक, रंग हिरवा

त्र्यंबकनानांच्या घरी पाणी मागितलं की तांब्याबरोबर चिठ्ठी यायची.

तांब्याच्या गळ्यालाच ती बांधलेली असे, लाल दोऱ्यानं, दोन गाठी मारून. "तांब्या नग १. पितळी. काठाखाली पोचा १, जुना." पाहुण्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला की नाना तो उचलून उजेडाकडे धरत, पोचा अजून एकच आहे याची खात्री करून घेत, आणि मगच विचारत, "अजून घेता का थोडं?" पाहुणा सहसा नको म्हणायचा.

घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना अशी चिठ्ठी. छत्रीला होती: "काडी तिसरी, वाकडी." भिंतीवरच्या घड्याळाला होती: "पाच मिनिटे मागे. तसेच ठेवणे." कोपऱ्यातल्या लोखंडी ट्रंकेलाही होती: "ट्रंक नग १. आतील माल तिचा." ही 'ती' म्हणजे नानांची बायको. मी यावलला नोकरीला लागलो त्याच्या कितीतरी आधी ती गेली होती, मूलबाळ नव्हतं. पण मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, त्यामुळे तांब्याच्या चिठ्ठीला जेवढा हसलो तेवढाच या चिठ्ठीलाही हसलो.

यावलच्या मामलेदार कचेरीत, तेव्हा किरकोळ खटले मामलेदारच चालवत, नाना मुद्देमाल कारकून होते. ज्यांच्यावर कधी खटला झाला नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी सांगतो. चोरीची घागर, मारामारीतली कुऱ्हाड, भेसळीचा संशय असलेला तुपाचा डबा, असा खटल्यातला जो जो माल पोलीस जप्त करून आणतात, तो मुद्देमाल. निकाल लागेपर्यंत तो एका खोलीत राहतो, आणि त्या खोलीची किल्ली नानांच्या जानव्याला. नानांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं आणि ते वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत: "जसं आलं, तसं गेलं पाहिजे."

एकदा चोरीच्या खटल्यात गुळाची ढेप आली. तिला मुंग्या लागल्या. दुसऱ्या कुणी ढेप झटकली असती. नानांनी रजिस्टरात शेरा मारला, "मुंग्या: आल्या तेव्हा नव्हत्या," आणि दोन दिवस मांडी घालून एकेक मुंगी वेचली. ढेप आली तशी गेली. माणसांनाही हाच नियम. मी लग्नाच्या रजेवरून परत आलो, तर नानांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बापू, तू असा गेला नव्हतास."

अशा माणसाच्या ताब्यात, मंडळी, नशिबानं एक घोयरा दिला!

घोयरा म्हणजे आपल्या कुंपणावर बसून मान हलवतो तो सरडा नव्हे. हा रानातला. सातपुड्याच्या झाडांत राहतो. पानात बसला की पान होतो, फांदीवर बसला की फांदी होतो. शेपटीचं वेटोळं, चिमट्यासारखे पाय. एक डोळा पूर्वेला फिरवतो तेव्हा दुसरा पश्चिमेला. चालतो तर असा, की जणू पाऊल पुढे टाकावं की न टाकावं याबद्दल वरिष्ठांचं पत्र यायचं आहे. आणि रंग बदलतो.

तो आला तो मोतीरामच्या खटल्यात. मोतीराम हा शिरपूरकडचा जडीबुटीवाला. यावलच्या बाजारात एका वाळक्या फांदीवर घोयरा बसवून लोकांचं भविष्य सांगायचा. तुम्ही प्रश्न विचारायचा; घोयरा हिरवा राहिला तर काम होणार, काळवंडला तर विघ्न आहे, आणि विघ्नावर मोतीरामकडे एक मुळी होती. सोनजी पाटलांनी, हे केळीबागवाले मोठे बागायतदार, हरवलेल्या म्हशीबद्दल विचारलं. घोयरा आधी काळवंडला, मुळी घेतल्यावर हिरवा झाला. मोतीरामनं सांगितलं, "अमावास्यालोंग म्हैस घर सापडी." पाटील शोध थांबवून, अमावास्येची वाट बघत घरी बसले. म्हैस सापडली, पण पाटलांच्या सासुरवाडीत. पाटलांनी फसवणुकीची फिर्याद ठोकली. फौजदारांनी पंचनामा केला आणि माल नानांच्या टेबलावर आणून ठेवला.

फौजदारांनी पंचनाम्यात लिहिलं होतं, आणि नानांनी ते रजिस्टरात उतरवून घेतलं: "सरडा जातीचा प्राणी नग १. जिवंत. शेपूट वळलेली. रंग हिरवा."

ही सगळी गोष्ट त्या शेवटच्या दोन शब्दांची आहे. उभ्या जगात घोयऱ्याचा रंग सरकारी रजिस्टरात कायम करून ठेवणारी दोनच माणसं असतील, आणि ती दोघं त्या दिवशी यावलच्या कचेरीत समोरासमोर बसली होती.

शाई वाळायच्या आत घोयरा पिवळा पडला.

"फौजदारसाहेब," नाना ओरडले, "हा बदलला!"

"सरडाच तो, नाना. बदलणारच."

"पण माझ्याकडे असताना बदलला!"

आता ठेवायचा कुठे? जप्तीची गुरं कोंडवाड्यात जातात म्हणून नाना तिकडे गेले. कोंडवाडेवाल्यानं यादी दाखवली: गाय, बैल, म्हैस, घोडा, गाढव, शेळी. सरडा नाही. मुद्देमालाच्या खोलीत उंदीर. शेवटी नानांनी मामलेदारसाहेबांना अर्ज केला: "सदर मुद्देमाल खोलीत ठेवल्यास उंदीर त्यास खातील, सबब स्वतःचे घरी, स्वतःचे जबाबदारीवर ठेवण्यास परवानगी असावी." परवानगी मिळाली. जप्त केलेली वाळकी फांदी चिठ्ठी लावून फडताळात गेली, आणि खिडकीत कडुनिंबाची ताजी फांदी बांधली गेली. तिला वेगळी चिठ्ठी: "फांदी नग १. घरची. मुद्देमाल नव्हे."

खटला चार दिवसांत निघायचा होता. निघाला आठ महिन्यांनी. कधी मामलेदारसाहेब फिरतीवर, कधी पाटलांची केळी काढणीला, कधी साक्षीदार लग्नाला. आणि या आठ महिन्यांत आमच्या नानांना काहीतरी झालं.

कचेरी सुटली की नाना कोपऱ्यावर पान खायला थांबायचे. ते थांबेनासे झाले. रस्त्यानं धोतर सावरत गवतात उड्या मारताना दिसू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "सरकारी काम आहे," आणि मुठीतला नाकतोडा कोटाच्या खिशात सोडत. एकदा मामलेदारसाहेबांपुढे कागद ठेवताना त्या खिशातून नाकतोडा उडाला आणि साहेबांच्या दौतीत पडला. नानांनी तो काढला, रुमालानं पुसला आणि परत खिशात घातला. साहेबांनी फक्त नवी दौत मागवली.

घोयऱ्याची नजर लागून दूध नासतं, अशी नानांच्या शेजारीण राधाअक्कांची ठाम समजूत. त्या रोज दारात येऊन, "नाना, ते ध्यान आधी बाहेर काढा!" म्हणून ओरडत. नाना शांतपणे म्हणत, "अक्का, न्यायप्रविष्ट बाब आहे."

मी एका संध्याकाळी सहीसाठी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार लोटलेलं. आतून नानांचा आवाज येत होता, अगदी हळू, अंगाई म्हणावी तसा. "कुऱ्हाड नग एक... दांडा चिरलेला. घागर नग दोन... पैकी एक गळकी. कंदील नग एक... काच नाही." मी डोकावलो. खिडकीत घोयरा फांदीला धरून बसलेला, एक डोळा नानांवर, एक माझ्यावर. समोर पाटावर नाना. दिवसभरात आलेला मुद्देमाल त्याला वाचून दाखवत होते.

"नाना, हे काय?"

"काही नाही," नाना दचकून म्हणाले. "तपासणी."

निकालाची तारीख जवळ आली तसे नाना वाळू लागले. भरीत-भाकरीचा डबा उघडायचा, बघायचा आणि बंद करायचा. कारण मला ठाऊक होतं. मोतीराम सुटला तर माल मोतीरामला परत. मी आपला तरुण आणि व्यवहारी. कानाशी लागून म्हणालो, "नाना, एवढं कशाला? रजिस्टरात लिहा, 'मृत.' सरडाच तो. कोण बघायला येतंय?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्यांच्या टेबलावर जप्त होऊन आलो आहे. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकच वाक्य म्हणाले, "बावीस वर्षांत मी एक खोटी ओळ लिहिलेली नाही, बापू. आता त्याच्या नावानं लिहू?"

तारखेला कचेरी तुडुंब. पाटलांनी इभ्रतीसाठी थेट जळगावहून वकील आणला होता. पाटील साक्षीला उभे राहिले. "म्हैस मिळाली हे खरं, साहेब. पण कुठं मिळाली? सासुरवाडीत! महिनाभर ते लोक दूध पीत होते, आणि वर मलाच ताक पाठवत होते!"

लोक हसले. मोतीरामनं हात जोडले. "साहेब, म्हैस घर सापडी का नही? घर कोनतं, ते काही सरडानी सांगेल नव्हतं."

लोक आणखी हसले. खटला हातचा जातोय हे पाहून वकील उठले आणि म्हणाले, मुद्देमाल हजर करा.

नाना आत आले. एका हातात जप्तीची वाळकी फांदी, तिच्यावर घोयरा. एवढी माणसं, एवढा गलका. घोयरा कोळशासारखा काळाकुट्ट झाला होता, आणि अंग फुगवून फुसफुसत होता.

वकिलांनी रजिस्टर उघडलं. "साहेब, इथं लिहिलंय, रंग हिरवा. समोर आहे तो काळा. शिवाय हा चांगला जाडजूड आहे. हे ते जनावरच नव्हे! आरोपीला सोडवायला मुद्देमाल बदललेला आहे!"

मुद्देमाल बदलला. नानांच्या कानफटात कुणी मारली असती तर ते इतके पांढरे पडले नसते. नोकरी, पेन्शन आणि बावीस वर्षांचं नाव, सगळं त्या दोन शब्दांत लटकलं होतं.

मामलेदारसाहेब भला माणूस. समजावणीच्या सुरात म्हणाले, "नाना, आठ महिने म्हणजे पुष्कळ झाले. मूळचा सरडा मेला असेल आणि तुम्ही घाबरून दुसरा आणला असेल, तर तसं सांगा. थोडा ठपका ठेवीन, नोकरीला धक्का लावणार नाही. आणि हा मग खटल्यातला नाहीच. घेऊन जा घरी."

मंडळी, नुसतं "होय" म्हणायचं होतं! होय म्हटलं की घोयरा नानांचा. नानांनी घोयऱ्याकडे पाहिलं. घोयऱ्याचा एक डोळा वकिलांवर होता, दुसरा नानांवर.

"हाच तो, साहेब," नाना म्हणाले.

"पुरावा?"

नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक वही काढली आणि पुढे केली. "रजिस्टरात जागा एकच, साहेब, आणि रंग फार. म्हणून पुरवणी ठेवली. रोजची."

साहेब वाचू लागले. आधी मनात, मग गंमत वाटून मोठ्यानं. "'सकाळी ऊन येईपर्यंत काळपट. ऊन आल्यावर हिरवा.' 'नाकतोडा दिला. पहिला नेम चुकला. शरमून पिवळट. दुसरा लागला. पोपटी.' 'राधाअक्का दारात ओरडल्या. अंगावर ठिपके आले. मलाही बरे वाटले नाही.'"

कचेरी हसून लोळत होती. पाटीलही हसले. साहेबांनी पान उलटलं.

"'संध्याकाळी घरी आलो. हिरवा.' 'संध्याकाळी घरी आलो. हिरवा.' 'कचेरीस सुट्टी. दिवसभर घरी. दिवसभर हिरवा.' 'आज तिचे श्राद्ध. मी बोललो नाही. तोही एका जागी बसून. रंग नीट सांगता...'"

साहेब थांबले. त्यांनी वही मिटली. हसणं कुठे विरलं ते कळलं नाही.

वकील मात्र वकील. "वही कुणीही लिहील, साहेब. जनावर काळंच आहे."

"त्याला गर्दी सोसत नाही," नाना म्हणाले. "मला ती खिडकी आणि पाव तास द्या. आणि कुणी बोलू नका."

साहेबांनी मान हलवली. नाना खिडकीच्या उन्हात जाऊन उभे राहिले, कचेरीकडे पाठ करून. फांदी छातीशी धरली. कोटाची दोन बटणं काढून आडोसा केला. आणि त्या भरल्या कचेरीत तो हळू आवाज सुरू झाला. "कुऱ्हाड नग एक... दांडा चिरलेला. घागर नग दोन... पैकी एक गळकी..."

शिपाई, पट्टेवाले, पाटील, सगळे श्वास रोखून. खटल्यामागून खटले वाचले जात होते. विळा झाला, घोंगडी झाली, गुळाची ढेप झाली. "...कंदील नग एक... काच नाही."

नाना वळले. आधी पोट, मग कुशी, मग पाठ; पावसानंतर बांध हिरवा होत जावा तसा घोयरा आमच्या डोळ्यांदेखत हिरवा होत गेला. शेपटीचं वेटोळं नानांच्या करंगळीभोवती.

"रंग हिरवा," साहेब रजिस्टरात बघून म्हणाले. "शेपूट वळलेली. जिवंत. माल तोच आहे." मग त्यांनी निकाल दिला: सासुरवाडीसुद्धा घरच, सबब फसवणूक सिद्ध होत नाही. आरोपी निर्दोष. मुद्देमाल आरोपीस परत.

माल तोच आहे हे सिद्ध करून नानांनी तो गमावला.

मोतीरामनं अंगठा उठवला. घोयऱ्याला हातात घेऊन तोलून म्हणाला, "नाना, हाऊ तर बराच जाडा व्हयना!" नाना चरकले. त्यांनी लेखणी उचलली आणि शेरा मारला: "वजन वाढले. मालकाची हरकत नाही."

मोतीराम दारापर्यंत गेला आणि परत फिरला. तोंडावर भविष्यवाल्याचा आव नव्हता. "नाना, तुम्हीच ठेवा याले. मी डोंगरमातून दुसरा धरी लयसू."

नानांचा हात पुढे झाला. खरंच झाला, मी पाहिला. मग तो मागे गेला आणि कोटाची ती दोन बटणं लावू लागला.

"सरकारी नोकराला आरोपीकडून काही घेता येत नाही, मोतीराम," नाना म्हणाले. "त्याला गलका सोसत नाही. आणि नाकतोडे लहान दे, मोठे घशात अडकतात."

पुढच्या आठवड्यात मी दोनदा नानांच्या घरावरून गेलो. खिडकीत कडुनिंबाची फांदी तशीच बांधलेली होती, पानं गळलेली. तिसऱ्या वेळी मी आत शिरलो.

"काय काम काढलंस?" नानांनी विचारलं.

"काही नाही. पाणी प्यायला आलो."

त्यांनी तांब्या दिला. मी प्यालो. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. "अजून घेतोस?" "घेतो," मी म्हणालो. बहुधा त्या प्रश्नाला हो म्हणणारा मी पहिलाच. मग मी बसलो, आणि नाना आज काय काय माल आला ते सांगू लागले. दुसऱ्या दिवशीही गेलो. पुढे माझी धुळ्याला बदली होईपर्यंत, चार वर्षं, ते पाणी काही चुकलं नाही. मी मनात म्हणे, म्हाताऱ्याची करमणूक होते, आपलं काय जातंय?

नाना वारल्याचं मला उशिरा कळलं. एरंडोलला असणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं धुळ्याला पार्सल पाठवलं. लाल दोरा, दोन गाठी. "वही नग १. बापूस देणे."

तीच पुरवणी वही होती. मला वाटलं होतं, निकालाच्या दिवशी ती संपली असेल. संपली नव्हती. निकालानंतरच्या पानांवर रोजची ओळ तशीच होती, "संध्याकाळी घरी आलो," आणि पुढे रंगाची जागा कोरी. अशा आठ कोऱ्या ओळी. नववी मी उन्हाकडे धरून वाचली, नाना तांब्या धरायचे तशी.

"संध्याकाळी बापू आला. पाणी प्याला. हिरवा."